मुग्धास, टोरोंटोच्या डिस्टिलरीबद्दल

श्रीरामपूर,
२२ जानेवारी

चि. सौ. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो हे फोनवर कळवलंच आहे. तुझ्या आईची झोप अजून जागेवर आलेली नाही, पहाटे तीनला उठून चहा टाकते. इकडे गाळप हंगाम जोरात आहे. रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि ट्रॅक्टरवरची गाणी. थंडी म्हणावी तर आहे, पण तुमच्याकडची पाहून आल्यावर इथे स्वेटर काढावासा वाटत नाही आणि घालावासाही वाटत नाही.

हे पत्र तुझ्या एका प्रश्नासाठी. टोरोंटोच्या डिस्टिलरीतल्या त्या नाताळबाजारातून परत येताना स्ट्रीटकारमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, तू विचारलंस, "बाबा, सगळे झाडापाशी फोटो काढत होते आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून काय बघत होतात?" मी म्हटलं, काही नाही गं, असंच. अर्णव तुझ्या खांद्यावर पेंगला होता, पुढचा थांबा आला, आणि ते तिथेच राहिलं. नंतर फोनवर दोनदा सांगायला गेलो, पण फोनवर अर्णव आला की मग अर्णवच. म्हणून लिहितो. लांबेल. सवडीने वाच.

आधी हे सांगतो की बाजार मला मनापासून आवडला, नाहीतर तुला वाटेल की तू एवढ्या हौसेने नेलंस आणि बाबांचं लक्षच नव्हतं. पावणेपाचला काळोख, उणे सहा तापमान, आणि त्यात ती पिवळ्या दिव्यांची गल्ली. गाड्यांना मज्जाव, पायाखाली विटा, दोन्ही बाजूंना लाकडी खोपटी, आणि ट्रिनिटी स्ट्रीटच्या मोकळ्या जागेत ते उंच झाड. हातमोज्यांतून गरम चॉकलेटचा पेला धरून अर्णव ज्या गंभीरपणे फुंकर मारत होता ते मी विसरणार नाही. निखिलरावांनी गरम वाईन घेतली तेव्हा मी पेला हातात घेऊन फक्त वास घेतला. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. आपल्याकडे काढ्यात घालतात ते निम्मं त्यात होतं. असे बाजार मूळचे जर्मन मुलखातले. ड्रेसडेनचा बाजार १४३४ साली नाताळच्या आधी एका दिवसाच्या परवानगीवर सुरू झाला आणि अजून भरतो. टोरोंटोचा २०१० पासूनचा, म्हणजे वयाने लहान. पण त्याला जागा मिळाली आहे ती मात्र फार मोठी, आणि मी बघत होतो ती जागा.

त्याच संध्याकाळी तुझ्या ऑफिसातली मैत्रीण भेटली. तू माझी ओळख करून दिलीस, माझे वडील साखर कारखान्यात होते म्हणून. खोटं काहीच नाही, गेटवर नाव साखर कारखान्याचंच होतं. पण मुग्धा, मी साखरेत एक दिवसही नव्हतो. मी डिस्टिलरीत होतो, म्हणजे अल्कोहोल गाळतात त्या कारखान्यात. आणि आपण तिघं तेव्हा उभे होतो ती जागा एके काळी कॅनडातली सर्वांत मोठी डिस्टिलरी होती. स्ट्रीटकारच्या शेवटच्या थांब्याचं नावसुद्धा डिस्टिलरी. तो शब्द तिथे पाट्यांवर, पिशव्यांवर, तिकिटांवर छापलेला होता, आणि आपल्या घरात तो आपण कायम थोडा आवाज खाली करूनच उच्चारत आलो.

त्याला कारण आहे, आणि ते तुला माहीत आहे. तुझी आजी माळकरी. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगाराचं पाकीट तिने देवापुढे ठेवू दिलं नाही. मी तिला एकदा कारखान्यात नेलं, रेक्टिफाइड स्पिरिटचा, म्हणजे शुद्ध केलेल्या अल्कोहोलचा, टँकर दाखवला, म्हटलं, हा औषधांच्या कंपनीत जातो, इंजेक्शनच्या आधी दंडाला कापूस लावतात ना, त्यात हेच असतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बाकीचा कुठं जातो?" बाकीचा देशी दारूच्या बाटल्यांत जात होता. ती ते जाणून होती आणि मीही. शेजारच्या वस्तीवर त्या दारूपायी संसार कसे मोडतात हे आम्ही दोघांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे मी घरी कामाबद्दल बोललो नाही, तू शाळेत "बाबा केमिस्ट आहेत" एवढंच सांगत राहिलीस, आणि ती सवय तशीच पडून गेली. त्याचा राग नाही. पण त्या भिंतींपुढे उभा राहिल्यावर वाटलं की माझं काम काय होतं हे तुला एकदा सांगावं, आणि सांगायला याहून चांगली जागा सापडणार नाही, कारण तू वर्षातून दोनदा तिथे जातेस.

आता त्या जागेचं.

जेम्स वॉर्ट्स नावाचा माणूस इंग्लंडमधल्या सफोकहून १८३१ मध्ये तिथे आला. गावाचं नाव तेव्हा यॉर्क होतं, टोरोंटो व्हायला अजून तीन वर्षं होती. पुढच्या वर्षी त्याचा मेहुणा विल्यम गुडरहॅम मोठा कुटुंबकबिला घेऊन पोचला. दोघांनी मिळून सरोवराच्या अगदी काठावर पवनचक्की बांधली, गहू दळायला. आज तिथून पाणी दिसत नाही, मधे रेल्वेचे रूळ आणि उड्डाणरस्ता आहे; पण तो सगळा नंतरचा भराव. त्या काळी लाटांचा आवाज चक्कीत ऐकू येत असणार. १८३४ मध्ये वॉर्ट्सची बायको बाळंतपणात गेली. दोन आठवड्यांनी त्याने चक्कीच्याच विहिरीत उडी घेतली. गुडरहॅमने धंदा आणि मेहुण्याची पोरं दोन्ही सांभाळली, आणि १८४५ मध्ये त्यातल्या थोरल्याला, जेम्स गुडरहॅम वॉर्ट्सला, भागीदार केलं. गुडरहॅम अँड वॉर्ट्स हे नाव अशा रीतीने टिकलं. लोक त्या पाटीखाली फोटो काढतात तेव्हा त्यातल्या दुसऱ्या नावामागे ती विहीर आहे, हे कुणाला ठाऊक नसतं.

दारू काढायला त्यांनी १८३७ मध्ये सुरुवात केली. चक्कीवाल्याकडे धान्य उरतं, हलका माल येतो, पीठ म्हणून तो खपत नाही. त्याची दारू होते. धंदा इतका वाढला की १८५९ मध्ये त्यांनी ती मोठी दगडी इमारत बांधायला घेतली, किंग्स्टनहून करडा चुनखडीचा दगड आणून, पाच मजली. मी ज्या भिंतीकडे तोंड करून उभा होतो ती हीच. बाकी सगळ्या इमारती लाल विटांच्या, ही एकटी दगडाची.

मी काय बघत होतो, तर धान्य कुठून वर चढत असेल. प्रत्येक डिस्टिलरीत हा पहिला प्रश्न असतो. त्या काळात पंपापेक्षा उतार स्वस्त. धान्य एकदा वर नेलं की दळून, भिजवून, उकडून ते आपल्या वजनाने खाली येत राहतं, म्हणून इमारत उंच. आपल्याकडे हे नसतं, कारण आपला माल मळी, साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक. मळीत साखर तयार असते. पाणी घालून पातळ केली, यीस्ट सोडलं, की फर्मेंटेशन सुरू. धान्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्ट स्टार्चला तोंड लावत नाही. त्यासाठी आधी जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे. त्या मोडांत जे एन्झाइम असतात ते स्टार्चची साखर करतात. म्हणून त्यांना मॉल्ट हाउस लागलं आणि आम्हाला नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या साखर इन्स्टिट्यूटमध्ये मी हे पुस्तकात शिकलो होतो. परीक्षेत आकृतीही काढली होती. पण धान्याची जुनी डिस्टिलरी प्रत्यक्ष पाहण्याचा योग या वयात, नाताळच्या गर्दीत आला.

मग मी खिडक्या बघत फिरलो. प्युअर स्पिरिट्स असं नाव असलेली १८७० च्या दशकातली इमारत आठवते? तिला दरवाज्याएवढ्या मोठ्या काचा आहेत आणि बाहेर लोखंडी सज्जे. तू म्हणालीस, किती सुंदर आहेत. आहेतच. पण जिथे शुद्ध स्पिरिटची वाफ हवेत असते तिथे कंदील नेता येत नाही. त्या घरात जितका उजेड पाहिजे तितका सूर्याचाच घ्यावा लागतो. आमच्याकडेही स्टिल हाउसमध्ये, म्हणजे अल्कोहोल उकळून वेगळं करतात तिथे, पाय ठेवण्याआधी काडेपेटी गेटवर जमा व्हायची, आणि रात्रपाळीला जे दिवे असायचे ते जाड काचेच्या बंद भांड्यांत. १८६९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे आग लागली आणि त्या दगडी इमारतीचं आतलं सगळं लाकूडकाम खाक झालं. भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्यांच्या आत पुन्हा बांधलं, आणि दोन वर्षांत ती डिस्टिलरी देशातल्या एकूण स्पिरिटपैकी निम्म्याच्या जवळपास एकटी काढत होती. ज्या दगडावर मी हात ठेवला होता तो त्या आगीतून गेलेला दगड आहे.

भिंतींवर काळी पुटं दिसली की तुम्ही म्हणता, कोळशाचा धूर. तो तर असतोच. पण दारू मुरवायच्या गोदामांभोवती एक काळी बुरशी वाढते, तिला अल्कोहोलच्या वाफेवर पोसता येतं. लाकडी पिंपातून दरवर्षी थोडं थोडं स्पिरिट उडून जातं, ते या बुरशीला मिळतं. फ्रान्समध्ये बोदवँ नावाच्या औषधविक्रेत्याने १८७२ मध्ये कोन्याकच्या परिसरात तिची पहिली नोंद केली, आणि २००७ मध्ये तिला त्याच्याच नावावरून बॉदोइनिया हे नाव मिळालं. ते काम ज्यांनी केलं त्यांत टोरोंटोचे शास्त्रज्ञ पुढे होते, आणि त्यांच्या हाती हे कोडं आलं ते ऑन्टॅरिओतल्याच व्हिस्कीच्या गोदामांमुळे. मला हे वाचून फार आनंद झाला. जे हवेत गेलं असं आम्ही रजिस्टरमध्ये घट म्हणून लिहीत होतो, ते कुणाच्या तरी पोटात जात होतं.

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मी तिथेही विचारला. बाकीचं कुठे गेलं?

अल्कोहोल काढून घेतल्यावर जे मागे राहतं त्याला आपल्याकडे स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर. काळं, गरम, आंबट. तुझ्या लहानपणी ते मोठमोठ्या तळ्यांत साठवत, आणि उन्हाळ्यात वारा वसाहतीकडे फिरला की तुझ्या दप्तरालासुद्धा तो वास यायचा. पावसाळ्यात तळी भरली की ओढ्याला जायचं. ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी चहासारखं लाल झालं तेव्हा शेतकरी बाटल्या भरून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. मी केमिस्ट होतो, पाणी तपासायला ते माझ्याकडेच येणार. ते खरं बोलत होते हे मला तपासण्याआधीच कळत होतं, आणि रिपोर्टात मी तेच लिहिलं. पुढे बायोगॅस आला, मग प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात, मिसळून खत करणं आलं, आता तर स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात. परिस्थिती पुष्कळ सुधारली. पण त्या विहिरींपैकी काही अजून तशाच आहेत.

टोरोंटोत धान्याचा चोथा उरायचा. तो गुरांना चालतो, मळीचा चालत नाही. गुडरहॅमने तो गाईंना घालायला सुरुवात केली आणि पुढे डॉन नदीच्या पलीकडे प्रचंड गोठे उभे राहिले, हजारो जनावरांचे. कागदावर हे फार चांगलं दिसतं. काही वाया जात नाही. पण हजारो जनावरांचं शेण आणि मूत अखेर कुठे तरी जाणारच. ते अ‍ॅशब्रिजेस बे नावाच्या खाडीत आणि दलदलीत गेलं, आणि तिथलं पाणी इतकं घाण झालं की शहराच्या आरोग्याचा तो कित्येक वर्षांचा प्रश्न होऊन बसला. तू मला ज्या किनाऱ्यावर फिरायला नेलंस, जिथे अर्णवने बदकं मोजली, तो त्याच नावाचा भाग. त्या दलदलीचा बहुतेक भाग नंतर बुजवून टाकला.

हे मी बाजाराचा विरस करायला लिहीत नाही. उलट, दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडावर, दुसऱ्या धान्यावर काम करणाऱ्या माणसांपुढे जो प्रश्न होता तोच माझ्या टेबलावर बाटलीत भरून आला होता, हे त्या रात्री मला एकदम लख्ख दिसलं. नोकरीत असताना वाटायचं की हे फक्त आपल्याच नशिबी आहे.

अजून एक गोष्ट, ती तर मला कित्येक दिवस झोपू देणार नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, तिथे व्हिस्की बंद होऊन अ‍ॅसिटोन निघू लागलं. तोफांच्या गोळ्यांमागे जी कॉर्डाइट नावाची स्फोटक दारू भरत ती करायला अ‍ॅसिटोन लागतं, आणि ब्रिटिशांकडे त्याचा तुटवडा होता. खायिम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने एक जिवाणू शोधला होता, तो मक्याच्या स्टार्चपासून अ‍ॅसिटोन आणि ब्युटेनॉल तयार करतो. हाच माणूस पुढे इस्रायलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. या कामाला तयार टाक्या, तयार बॉयलर आणि फर्मेंटेशन समजणारी माणसं हवी होती, आणि ती या डिस्टिलरीत होती. योगायोग असा की त्याच वर्षी ऑन्टॅरिओत दारूबंदी लागू झाली. आपण नाताळची गाणी ऐकत उभे होतो त्या आवारातून युद्ध संपेपर्यंत रोज तोफांचं रसायन बाहेर पडत होतं. आम्हाला त्या जिवाणूचं प्रमाण पाठ करावं लागे: सहा भाग ब्युटेनॉल, तीन भाग अ‍ॅसिटोन, एक भाग अल्कोहोल. हे आकडे मी अजून झोपेतही सांगेन, पण त्यांच्यामागे अशी एखादी जागा असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

नंतरची गोष्ट लवकर सांगतो. १९२३ मध्ये कंपनी हॅरी हॅच नावाच्या व्यापाऱ्याने घेतली, काही वर्षांनी ती हायरम वॉकर कंपनीत मिळाली. व्हिस्की १९५७ मध्ये थांबली. आपल्याकडे प्रवरानगरचा सहकारी कारखाना तेव्हा नवा होता आणि त्याचं बघून गावोगाव माणसं शेअर गोळा करत होती. टोरोंटोत त्यानंतर रम काढत राहिले, १९९० पर्यंत. रम म्हणजे मळी. म्हणजे शेवटी तेही माझ्याच मालावर आले. त्या वर्षी मी शिफ्ट केमिस्ट होतो, तू पाच वर्षांची होतीस, आणि माझी फर्मेंटेशन हॉलमधली रात्रपाळी चालू असताना जगाच्या दुसऱ्या बाजूला त्यांची शेवटची पाळी संपली. तिथली माणसंही टाकीत उतरण्याआधी पाणी मारून हवा खेळवत असणार. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचून राहतो, दिसत नाही, वासही नाही, आणि उतरलेला माणूस वर येत नाही. आमच्या पाळीत कुणी असं गेलं नाही. यासाठी मी किती आरडाओरडा केला असेल ते जुन्या हेल्परांना विचार.

बंद पडल्यावर ती जागा दहा-बारा वर्षं सिनेमाच्या चित्रीकरणाला भाड्याने जात होती. १९८८ मध्येच तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळालेला होता, त्यामुळे पाडता येत नव्हती. २००१ मध्ये विकासकांनी घेतली, २००३ मध्ये लोकांना खुली केली. सुरुवातीलाच त्यांनी ठरवलं की जागोजागी असतात तशी साखळी दुकानं इथे घ्यायची नाहीत. मला त्यांची सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र ही की इमारतींची नावं बदलली नाहीत. पंप हाउसमध्ये कॉफी मिळते, तरी ते पंप हाउसच. टँक हाउस नऊ आणि दहामध्ये नाटकाचं थिएटर आहे, आणि गल्लीला टँक हाउस लेनच म्हणतात. नाव राहिलं की निदान एखादा तरी विचारतो, कसली टाकी?

आपल्याकडे काय झालं ते तुला ठाऊक आहे. मुंबईत गिरणगावात १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी गेली; फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला आणि त्याच्यामधून जुनी चिमणी वर आलेली दिसते. चिमणी आहे, पण खाली कोणतं खातं कुठे होतं, साचे कुठे चालत, हे सांगणारं त्या आवारात मला काही आढळलं नाही. आपल्या कारखान्यात नवीन प्लांट आला, इथेनॉल आता पेट्रोलमध्ये जातं, देशाला त्याची गरज आहे, आणि मी त्याच्या बाजूचाच आहे. पण अल्कोहोल वेगळं करणारा जुना तांब्याचा कॉलम भंगारात गेला त्या दिवशी मी बघायला गेलो होतो. एकेका प्लेटवर ज्या माणसाने डाग दिला होता त्याचं नाव मला माहीत होतं. ती प्लेट किलोवर मोजली. एक, फक्त एक प्लेट कारखान्याच्या शाळेत ठेवा असं मी म्हटलं होतं. विज्ञानाच्या तासाला उपयोग झाला असता. कुणी नाही म्हटलं नाही, आणि कुणी ठेवलीही नाही.

टोरोंटोतही सगळं आहे असं नाही. मालकांची नावं ठळक आहेत, वॉर्ट्स आणि गुडरहॅम. पिंपं करणारे, भट्टीत कोळसा ओढणारे, गोठ्यात राबणारे कोण होते? ते पाहायचं तर आवारातून बाहेर पडून ट्रिनिटी स्ट्रीटनेच उत्तरेला जावं लागतं, पाच-सात मिनिटं. बाजाराची गर्दी तिकडे वळत नाही. तू ऑफिसला गेल्यावर एका सकाळी मी आणि तुझी आई तिथे गेलो होतो. सांगितलं नव्हतं, कारण बर्फावरून चालल्याबद्दल तू रागावली असतीस. तिथे लिटल ट्रिनिटी नावाचं चर्च आहे, १८४० च्या दशकातलं. त्या भागात आयर्लंडहून आलेले गरीब कामगार राहत. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये बसायच्या बाकाचंसुद्धा भाडं द्यावं लागे, ते त्यांना झेपत नव्हतं, म्हणून हे वेगळं बांधलं. त्याला गुडरहॅमचाही हात लागला. आणि त्याच्या पाठीमागे एक छोटी विटांची शाळा आहे. १८४८ मध्ये शहराने मोफत शाळांना पैसे द्यायचं नाकारलं आणि शाळा बंद पडल्या. तेव्हा इनॉक टर्नर या माणसाने आपल्या खिशातून ती बांधली आणि दोनशे चाळीस मुलांना फुकट शिकवायची सोय केली. टोरोंटोतली पहिली मोफत शाळा. इनॉक टर्नर बिअर गाळायचा. तुझ्या आईने ते दोनदा विचारून घेतलं आणि मग त्या शाळेच्या पायरीवर हात ठेवून नमस्कार केला. आजी असती तर तिने केला असता की नाही, सांगता येत नाही. विचार मात्र नक्की केला असता.

तर माझी मागणी अशी. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की अर्णवला एकदा तिथे ने. शनिवार-रविवार नको, कामाच्या दिवशी सकाळी, तेव्हा दिवे नसतील आणि गल्ल्या रिकाम्या असतील. आधी शाळा दाखव, मग चर्च, मग रस्त्याने खाली येत डिस्टिलरी. घरी बसून गोष्ट सांगू नकोस, तिथे उभं राहून सांग. जव भिजवून मोड कसे आणतात ते आदल्या आठवड्यात घरी वाटीभर जव भिजवून करून दाखव. मोड आलेला दाणा चावायला दे, त्याला गोड लागेल. बाकी रसायनशास्त्र त्यातच आहे. दारूने घरं मोडतात हेही सांग, तो सात वर्षांचा आहे, कळतं त्याला. दोन्ही सांग.

आणि त्याने मला त्या दिवशी विचारलं होतं की एवढ्याशा खेळण्यांच्या दुकानांना एवढ्या जाड भिंती कशाला. तेव्हा गर्दीत त्याला नीट सांगता आलं नाही. वर पाच मजले भरलेलं धान्य, मधे दळण्याचे दगड गरगर फिरताहेत, खाली उकळणारे हंडे, आणि कधीही पेट घेईल अशी वाफ. एवढं सगळं ज्या भिंतीने पेलायचं ती जाड असावीच लागते. त्याला त्या दगडावर दोन्ही हात ठेवायला लाव आणि सांग की आपले आजोबा असल्याच एका डिस्टिलरीत केमिस्ट होते.

निखिलरावांना आशीर्वाद. अर्णवला गोड पापा.

तुझे,
बाबा